क्लेमेंटसाहेबांची बादली

२१ मार्च १९९५, लोअर हट
मंगळवार-शुक्रवार म्हणजे क्लेमेंटसाहेबांच्या घरी पायाचं ड्रेसिंग. जखम हट्टी आहे, म्हातारा त्याहून. मूळचे बार्बाडोसचे, महायुद्धात ब्रिटिश विमानदलात, मग इथली न्यूझीलंडची बायको करून इथलेच झाले. ती गेली. मुलगी लोर्ना रोज सूप घेऊन येते. हॉलमधल्या युनिफॉर्मच्या फोटोकडे बोट दाखवून दर वेळी सांगते, "डॅड गनर होते. विमानाच्या शेपटीत, मशीनगनवर."

आज बँडेज सोडताना खिडकीकडे बघत म्हणाले, "सिस्टर, मी कधी उडलोच नाही. विमानं परत आली की शेपटीतली गनरची काच आतून धुवायचो. बादली आणि फडकं. ते काम आम्हा काळ्यांकडेच."
काय धुवायचे तेही सांगितलं. इथे लिहवत नाही.

२३ मार्च
चर्चच्या हॉलमध्ये तालीम. मॉयराचं नाटक कॅरिबियनच्या अशाच म्हाताऱ्या सैनिकांवर, ज्यांना कुणी काही विचारलंच नाही. मी त्यात नर्स. (दुसरं काय देणार!) स्टेजवर चढताना सवयीने नमस्काराला हात खाली गेला, सगळ्यांना वाटलं माझं काही पडलं.
चहाच्या वेळी क्ले.साहेबांची गोष्ट सांगून टाकली. ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देतो ना, तश्शी. मॉयराने कप खाली ठेवला. "सुनंदा, हाच आपला दुसरा अंक."
बरं वाटलं. खोटं कशाला, मिरवल्यासारखंच वाटलं.

६ एप्रिल
तालीम. मधोमध बादली. माझं वाक्य: "तो कधी उडला नाही. तो धुवायचा."
तेवढ्यात लोर्ना आली. नाटकात तिचे वडील आहेत एवढंच मॉयराने तिला कळवलं होतं, म्हणून दारात लावायला त्यांचा फोटो आणला होता. वाक्य तिच्या कानावर गेलं नाही, देवाची कृपा. हसत विचारते, "डॅड फ्लाय करतात तो सीन कुठला?"
हिला माहीतच नाही. अँझॅक डेच्या, म्हणजे इथल्या सैनिक-स्मृतिदिनाच्या परेडला ते माजी सैनिकांबरोबर न चालता दरवर्षी फुटपाथवर उभे राहतात, तो हिला नम्रपणा वाटतो.
मी त्यांना आधी विचारलं का नाही? नाटकाला नाव देऊ का, एवढंही नाही.

७ एप्रिल
सगळं सांगितलं त्यांना. पाय मागे घेतला, बँडेज अर्धं लोंबत.
"मी तुम्हाला सांगत होतो, सिस्टर. हॉलला नाही." मग, "जोनलासुद्धा सांगितलं नव्हतं." जोन म्हणजे बायको.
दुपारी ऑफिसात निरोप: क्लेमेंटना दुसरी नर्स हवी. इतक्या वर्षांत असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन रडले.
घरी नवरा म्हणाला, "अगं, खरंच आहे ना ते? मग?" फार्मसिस्टला काय, चिठ्ठी बरोबर असली की झालं. केतकीने मान वर न करता, "मम, यू शुड हॅव आस्क्ड." पोरगी बरोबर बोलली, म्हणून जास्त लागलं.

१३ एप्रिल
मॉयरा म्हणते, वाक्य तुझं आहे. बोल नाहीतर गाळ. छान. सगळं माझ्यावर.

१८ एप्रिल
नवी नर्स आजारी, म्हणून मलाच पाठवलं. दार उघडलं, खुर्चीत जाऊन पाय पुढे केला. मी खाली बघूनच म्हटलं, "वाक्य काढते मी."
"मग बादली कशाला ठेवलीय, असं लोक विचारतील."
बँडेज घट्ट झालं, परत सोडून बांधलं.
"कधी येतो तो सीन?"
"मध्यंतरानंतर लगेच."
"लोर्नाने पुढच्या रांगेत दोन खुर्च्या घेतल्यात." "म्हणजे तिला सांगायला मध्यंतर आहे माझ्याकडे."
मी गाळू की बोलू, विचारायचं धाडस झालं नाही.

२२ एप्रिल, हॉल, विंगेत
दुपारचा प्रयोग. मध्यंतर चालू. स्क्रिप्टच्या मागे लिहितेय.
पडद्याच्या फटीतून दिसतायत दोघं, चहाच्या टेबलापाशी. ते बोलतायत. लोर्नाच्या हातात कप तसाच. बिस्किटांबद्दल बोलत असतील तरी इथून काय कळणार.
दोघं बाहेर गेले.
घंटा झाली.
लोर्ना एकटीच आत आली. बसली. शेजारच्या खुर्चीवर त्यांची टोपी ठेवली. तोंड दिसत नाही, हॉलचे दिवे मालवले. बादली घेऊन पोरं स्टेजवर गेलीसुद्धा.
माझं वाक्य तिसरं.