भिंतीवरचं तिसरं वाक्य

१४ मार्च, दुपार

बाई,

नमस्कार. शुद्धलेखनाच्या चुका खूप असतील, माफ करा. शाळा सातवीतच सुटली. टाईप पण फार हळू होतंय, सकाळी बसले ती अजून इथंच. तुम्हाला आपली भाषा येते म्हणून बरं, क्लासमध्ये शिकवता त्या इथल्या भाषेत एवढं जमलंच नसतं.

तुम्ही कशा आहात? मी आणि वहिनी बऱ्या आहोत.

एक काम होतं. आम्ही लिहिलेली सगळी वाक्यं तुम्ही कॉम्प्युटरमध्ये जमवून ठेवता ना, त्यातलं एक काढून टाका. दादाने सांगितलंय.

गेल्या क्लासला तुम्ही 'हात' शब्द असलेली सगळ्यांची वाक्यं भिंतीवर दाखवलीत. "कोणाचं ते विचारायचं नाही, चुका मिळून शोधायच्या," म्हणालात. नाव दिसणार नाही म्हणूनच मी लिहिलं होतं. तिसरं होतं, 'तो बायकोचा हात फटीत धरतो आणि दार लावतो.'

बेकरीवाले काका म्हणाले, "दार भक्कम दिसतंय! आपल्या सुतारानेच बसवलं असणार!"

सगळे हसले. सुतार म्हणजे आमचा दादाच, तोपण हसला.

नावं झाकलीत बाई, पण आम्ही एका घरातले तिघं त्याच वर्गात बसतो, ते ध्यानात घ्यायचं राहून गेलं.

घरी दादा जेवला. ताट सरकवून वहिनीला म्हणाला, "लेखिकाबाई, या जरा दाराशी."

वहिनी उठली. रोजच्यासारखी. मग माझ्या तोंडातून निघालंच, "मी लिहिलंय."

"अस्सं? मग तूच ये."

दोन बोटं गेली. कडकन आवाज आला. म्हणून डाव्या हाताने टाईप करतेय.

वहिनीने त्याचाच हातोडा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. परत घातला. तो गुरासारखा ओरडत होता, आणि ती गप्प, खिळा ठोकावा तशी.

आता आम्ही लाँड्रीच्या मागच्या खोलीत राहतो. मालकीणबाई काही विचारत नाहीत. दादाचा पाय प्लास्टरमध्ये आहे. आज त्याचा निरोप आला, "ते वाक्य काढायला लाव, मग दोघी घरी या. झालं गेलं विसरू." तो ऐकल्यापासून वहिनी पिशवी भरतेय. "त्याला पाणी कोण देणार गं?" म्हणते.

बाई, वर काढा म्हणून लिहिलंय ते खरं धरू नका. काढू नका. परवा मी वहिनीला कशीही करून क्लासला घेऊन येते. ते वाक्य भिंतीवर सगळ्यात वर लावा आणि खाली माझं नाव घाला. ती वाचू दे. मग कुठं जायचं ते तिचं तिला ठरवू दे.

तुमची,
मागच्या बाकावरची. परवा पुढे बसेन.

ता.क. लाँड्रीसमोरच्या न्हाव्याने दुकानाला हिरवा रंग दिलाय. अजून ओला आहे.