मधला धरला, मधला सोडला

मंगळवार, ११ जून

ती. दादास नमस्कार. एरवी 'साष्टांग' लिहिते. आज तेवढं वाकवत नाही.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. धाकटीची परीक्षा संपली. हे घरीच असतात, त्यामुळे खिडक्या लखलखीत आहेत. वीस वर्षं चष्म्याच्या काचा घासलेला माणूस घरी बसून दुसरं काय करणार?

ह्यांना कामावरून काढताना तू सगळ्यांसमोर म्हणालास, "आकड्यांना मेहुणा नसतो." लोक हसले. हेही हसले म्हणे.

तुझा नियम: पहिल्या चतुर्थकाच्या खालचे बाहेर, तिसऱ्याच्या वरचे बढतीला. तुझा तक्ता मी वर्गात मांडते तसा मांडला. घासणारे अकरा. रोजच्या काचा चढत्या क्रमाने: ३१, ३४, ३६, ३८, ४१, ४३, ४५, ४८, ५०, ५२, ५५. मध्यक, म्हणजे मधला आकडा, सहावा: ४३. तो सोडला तर खाली पाच आकडे उरतात आणि त्यांचा मधला, म्हणजे पहिलं चतुर्थक, ३६. ह्यांचे छत्तीसच, म्हणजे रेषेवर, शाबूत. मध्यक धरला तर खाली सहा आकडे, चतुर्थक ३६ नि ३८ च्या मधोमध, ३७, आणि हे गेले.

तू धरलास. दोन्ही रीती पुस्तकात आहेत, म्हणून तीन दिवस मी गप्प बसले. चौथ्या दिवशी बढतीची बाजू पाहिली. तिथे तू मध्यक सोडलास, तिसरं चतुर्थक ५० केलंस. धरला असतास तर ४९ आलं असतं आणि पन्नास काचांवाले म्हातारबाबा वर गेले असते. काढताना धरला, देताना सोडला. एकाच तक्त्यात दोन रीती, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

आता जे टाळत होते ते. तक्ता करताना तू मला फोन केला होतास. "मधला धरू की सोडू?" मी पेपर तपासत होते. म्हणाले, "कुठलंही कर, फारसा फरक पडत नाही." 'पण दोन्हीकडे एकच' असं म्हणाले होते का, ते आठवेना, म्हणून डायरी काढली. त्यात नाही. म्हणजे नसेनच म्हणाले.

काल तुझ्या मालकांना भेटले. तक्ता दिला, डायरीच्या त्या पानाची प्रतही दिली. 'बहिणीने सांगितलं' असं तू म्हणण्याआधी मीच सांगून आले. त्यांनी विचारलं, "मग चूक कुणाची?" म्हटलं, "अर्धवट सांगितलं मी. सोयीने वापरलं त्याने."

परवा तुला बोलावणं येईल.

नुसता न्याय हवा असता तर आधी तुझ्याकडे आले असते. तू एक आकडा खोडला असतास आणि सगळं घरातल्या घरात मिटलं असतं. मला ते मिटायला नको होतं. चारचौघांत उभं राहून तुला चतुर्थक समजावून सांगावं लागावं, हे हवं होतं. याची लाज वाटते का, हे रोज स्वतःला विचारते. अजून वाटलेली नाही.

आईला काही बोललेले नाही. ते तूच सांग.

तुझी धाकटी बहीण,
पण त्याआधी, तू रेषेखाली ढकललेल्या माणसाची बायको