चपलांना कुलूप लाव

नाशिक रोड
गुरुवार

तीर्थस्वरूप आक्कास,

वाल्मीकचा वाकून नमस्कार. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याचं कळलं. दाजींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. (फोनवर मी एवढं बोलून ठेवून देतो. म्हणून पत्र.)

परवा तू म्हणालीस, "तू कसला राहतोस चार दिवस! चहा निवायच्या आत तुझ्या पायात चपला असतात. मी शेजारच्या नूरबानोलाच सांगते." ते मला लागलं. मी नांदगावला येणार आणि चार दिवस राहणार. ठरलं.

तयारी चालू आहे. इंदिरानगरला तेजस्विनी मॅडम म्हणून समुपदेशक आहेत. सायलीनेच मला तिथे धाडलं. (बायको सोडून जात नाही, नवऱ्याला समुपदेशनाला पाठवते, हेही नशीबच.) दर गुरुवारी त्यांच्यासमोर तासभर बसायचं. मी अर्ध्या तासात उठायचो. एकदा नळ चालू राहिला म्हणालो, एकदा गॅस. मागच्या गुरुवारी मॅडम म्हणाल्या, काही माणसं समोरच्याला घट्ट धरून ठेवतात, काही दाराजवळ बसतात. कुणी सोडून जायच्या आत आपणच निघतात. (आई गेल्यावर मी मामांकडे राहिलो, पण पिशवीतले कपडे कधी कपाटात ठेवले नाहीत. तुला आठवत असेल.) मॅडम पुढे म्हणाल्या, बायकोशी, बहिणीशी जे होतं तेच इथे माझ्याशीही होणार, तेव्हा थांबण्याचा सराव इथेच करा. मला ते पटलं. इतकं पटलं, की मी उठून निघालो.

घरी येऊन पाहतो तर पायात दुसऱ्याच्या चपला. गोटीराम नावाच्या गृहस्थांच्या. त्यांची वेळ माझ्यानंतरची. पण ते तासभर आधी येऊन बसतात आणि वेळ संपली तरी उठत नाहीत. (मॅडमनी फोन उचलला नाही, की त्या रागावल्या असं त्यांना वाटतं. मॅडमचा फोन आला, की मी उचलत नाही.) मी चपला कुरिअरने पाठवायचं ठरवलं. सायली म्हणाली, "चपला कुणी कुरिअर करतं का? जा मुकाट्याने." गेलो. गोटीराम सोफ्यावर अनवाणी, प्रसन्न. म्हणाले, "एवढी घाई कशाला केलीत? आत्ता कुठे दुसरा चहा येत होता." मॅडम चिडल्या असतील असं मी धरून चाललो होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "परत आलात ना. आजचं काम झालं."

आज पूर्ण तास बसलो. शेवटी शेवटी खुर्चीचे हात धरून, पण बसलो. तेव्हा नूरबानोला नको म्हणून सांग. सोमवारी येतो.

तुझा,
वाल्मीक

ता. क. मी आलो, की माझ्या चपला कपाटात घालून कुलूप लाव. नळ, गॅस, काहीही सांगितलं तरी देऊ नकोस.

आणखी ता. क. तुझ्या डोळ्यावर पट्टी असेल, हे आत्ता ध्यानात आलं. दाजींना वाकता येत नाही. किल्ली नूरबानोकडे दे. तिला चारही दिवस बोलावूनच ठेव.

शेवटचं. डोळ्यात औषध मात्र मीच घालणार. आणि कपाटात एक कप्पा मोकळा ठेव. या वेळी कपडे पिशवीत राहणार नाहीत.