वायरिंग जुने असल्याने

२० नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. तुझ्या भाऊजींचा गुडघा कुरकुरतोय, पण जिना चढतात. फोनवर तू "नंतर बोलू" म्हणतेस आणि ते नंतर काही येत नाही, म्हणून पत्र.

गेल्या महिन्यात तुझ्या शाळेत आले होते. वर्गात तो नवा मोठा पडदा. मागच्या बाकावरची मुलगी पुढे आली आणि तिने बोटांनी झाडाचं पान इतकं मोठं केलं, की शिरा न् शिरा दिसली. सगळा वर्ग ओरडत होता, "बाई, अजून मोठं!" मी "छान आहे हो" म्हणाले आणि बस गाठली. खरं सांगू? अंगाचा तिळपापड झाला होता. माझ्या वर्गात बेचाळीस मुलं माझ्याच मोबाईलवर डोकी घालतात. मागच्यांना दिसतात ते पुढच्यांचे केस.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत बोलले, "साहेबांच्या पुढेपुढे केलं की सगळं मिळतं. आमची धाकटी त्यात हुशार." बोलणं शिक्षण कार्यालयापर्यंत पोचलं. तुझी चौकशी लागल्याचं मला आमच्या शिपायाकडून कळलं. तू एका शब्दाने बोलली नाहीस.

आणखी एक सांगायचं आहे. तीनदा कागद फाडला.

हे पडदे द्यायच्या यादीत पहिलं नाव आमच्या शाळेचं होतं. इंजिनिअर येऊन म्हणाला, "वायरिंग दोन दिवसांत बदलून देतो, बाई. ट्रेनिंग मुख्याध्यापिकेपासून सुरू." त्याने एक टॅब माझ्या हातात दिला. मला तो चालूच करता येईना. चौथीतली एक मुलगी वाकून म्हणाली, "इथं दाबायचं, बाई." सगळी मुलं हसली. तीस वर्षांत माझ्या वर्गात मला कुणी हसलं नव्हतं. मी लेखी कळवलं, "वायरिंग जुने असल्याने यंत्रे स्वीकारता येत नाहीत." यादीत पुढचं नाव तुझ्या शाळेचं होतं.

आज सकाळी त्या पत्राची प्रत चौकशीच्या साहेबांपुढे ठेवली आणि वायरिंग हे खोटं निमित्त होतं, तेही सांगितलं.

"मग बहिणीबद्दल असं का बोललात?"

"पोटात दुखलं म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. तुझी चौकशी थांबेल. माझी खुर्ची बहुतेक जाईल.

तुला वाटेल, ताईचं मन आता हलकं झालं. नाही झालं. त्या दिवशी तुझा पडदा मध्येच अडकला, तेव्हा तू त्या मागच्या बाकावरच्या मुलीलाच विचारलंस, "आता काय करू गं?" आणि सगळ्या वर्गासोबत हसलीस. मला ते जमलं नाही. पडद्याचा हेवा एक वेळ जाईल, त्या हसण्याचा जात नाही.

माफी कागदावर मागत नाही. शनिवारी तुझी शाळा सुटताना फाटकाशी उभी राहीन. बोलायचं नसेल तर मागच्या दाराने जा, मी समजेन.

अजूनही तुझ्यावर जळणारी,
तुझीच
ताई