बादशहा बिनचूकचे हात

ती. स्व. मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखतो, त्यामुळे आत्ता सातच अंगांनी, आठवं भेटीत.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं आईकडून कळलं. वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढलेली भाची असताना तुम्ही नंबर भलत्याच माणसाकडून काढून घेतलात. त्याचा राग मी मनात ठेवलेला नाही, इथे लिहून टाकला आहे. आमच्याकडे सगळं ठीक. आई ठीक, मी ठीक. ज्यांची चौकशी तुम्ही अठ्ठावीस वर्षांत केली नाही तेही ठीक आहेत. रक्तदाब आटोक्यात आहे आणि डावी भुवई नेहमीच्या जागी, म्हणजे कपाळाच्या मध्यावर, आहे.

लिहायचं कारण म्हणजे तुमचा खलनायक. तुमच्या चित्रकथांवर सिनेमा निघतोय हे तुम्हाला कंपनीने कळवलंच असेल. पण हक्क विकून तुम्ही कुंड्यांना पाणी घालायला मोकळे झालात आणि इथे बादशहा बिनचूकचे भक्त एकमेकांच्या जिवावर उठले आहेत. आमचं मंडळ दर रविवारी आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भरतं. डोळे तपासायच्या खुर्चीत बसेल त्यानेच बोलायचं, असा आमचा नियम आहे. (त्यामुळे बोलणाऱ्याला समोर अक्षरांचा तक्ता दिसत राहतो आणि अध्यक्ष बोलता बोलता मधेच खालची ओळ वाचायला लागतात.) अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. दुसरा खांब लिफ्ट दुरुस्त करणारा आणि तिसरा गणिताच्या बाई. चिटणीस मी, कारण खोलीची किल्ली माझ्याकडे. तुफानवीर नायक असला तरी त्याच्या नावाचं मंडळ कुणी काढलं नाही, हे लक्षात घ्या. जगातली प्रत्येक वाकडी गोष्ट किरण सोडून भस्म करणारा माणूसच लोकांना आवडतो. ज्याला त्याला वाटतं, आधी शेजाऱ्याचं घर जाईल.

पहिले दोन रविवार सिनेमातल्या बादशहाला मुखवटा असावा की नको यावर गेले. मुखवटा नको, दात दिसले पाहिजेत, हे डॉक्टरांचं म्हणणं, आणि ते पटवायची त्यांची पद्धत अगदीच अन्यायाची आहे. समोरचा माणूस आ वासून पडलेला, तोंडात कापूस, अशा वेळी ते विचारतात, पटतंय ना? अशी सतरा मतं त्यांनी गोळा केली. यावर लिफ्टवाल्याने काय करावं? डॉक्टरांच्याच इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे थांबवली आणि वरून खाली वाकून मुखवट्याच्या बाजूचे मुद्दे सांगितले. पाऊण तासाने डॉक्टर मुखवट्याला तयार झाले. खाली उतरल्यावर फिरले. दोन जाणती माणसं, दोघांच्या घरी लग्नाच्या मुली, आणि भांडण कशावरून, तर कागदावरच्या माणसाच्या मुखवट्यावरून.

पण खरी ठिणगी पडली ती हातांवरून. गणिताच्या बाईंनी दोनशे बारा अंक तपासून जाहीर केलं, की बादशहाचे हात कायम पाठीमागे असतात, एकदाही दिसत नाहीत. झालं. डॉक्टर म्हणाले, लहानपणी आगीतून आईला ओढून काढताना हात भाजले, म्हणून लपवतो. लिफ्टवाला म्हणाला, हात नाहीतच. बाई म्हणाल्या, वाईट माणसाला कारण लागत नाही, फक्त संधी लागते, आणि तुम्ही दोघे उगाच त्याच्यासाठी सर्दी झाल्यासारखं नाक ओढू नका. मी गप्प बसले होते. तुम्ही मला चौदाव्या वर्षी फोनवर काय सांगितलं होतं ते मला पाठ आहे: तुम्हाला बोटं काढता येत नाहीत. काढायला जावं तर केळ्यांचा घड होतो. म्हणून नायकाच्या मुठी वळलेल्या आणि खलनायकाचे हात मागे. आणि बादशहाचा चेहरा, ती भुवई, ते उभं राहणं, हे सगळं बाबांचं. कारण बाटल्यांच्या कारखान्यात ते तपासनीस आणि तुम्ही लेबलं रंगवणारे असताना त्यांनी निव्वळ जळफळाटाने तुमच्या लेबलांचा अख्खा गठ्ठा नापास केला आणि तुम्ही तडक गाव सोडलंत. (जळफळाट हा शब्द तुमचा आहे. जपून ठेवा, पुढे लागेल.)

हे गुपित मी सव्वीस वर्षं पोटात ठेवलं. आईलासुद्धा कळू दिलं नाही. पण तिसऱ्या रविवारी डॉक्टर मला म्हणाले, की तुम्ही बायका नुसत्या चहापुरत्या येता, तुम्हाला बादशहा काय कळणार. माझं डोकंच फिरलं. मी तपासणीच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, चित्रकार माझे सख्खे मामा आहेत. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यानंतर डॉक्टरांनी स्वतः उठून मला चहा आणून दिला, ते मला फार आवडलं, पण ते सुख टिकलं नाही. पुढच्या रविवारी कंपनीचा कथालेखक येणार, तेव्हा मामांचा लेखी निकाल हजर करा, हात का मागे ते, असं ठरलं. मी हो म्हणाले. म्हणजे मी तोंडावर पडणार हे तिथेच ठरलं.

कथालेखक आला. गालावर चार दिवसांची दाढी, डोळ्यांत चार वर्षांची झोप. त्याने कंपनीचा बेत सांगितला. बादशहाला दुःखी बालपण द्यायचं, पावसात एकटं उभं करायचं, वीस मिनिटं रडवायचं आणि एक शेपूट लावायची. शेपूट असली की खेळणी खपतात. हातांचं काही ठोस कारण मिळालं तर शेपूट काढू, नाहीतर कंपनी बादशहाचं नावही बदलून टाकेल, आठ दिवसांत कळवा. मामा, तुमच्या आयुष्याची एकच निर्मिती, आणि तिला शेपूट! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, थोडं स्वतःसाठीही आलं, कारण सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्याकडे लेखी असं काहीच नव्हतं.

आणि नेमक्या त्याच वेळी मी घरी विसरलेला डबा घेऊन बाबा आले. दाराशी डबा ठेवला, हात मागे बांधले आणि भिंतीवरचं बादशहाचं मोठं चित्र बघत उभे राहिले. भुवई वर. लिफ्टवाला आपोआप उठून उभा राहिला. डॉक्टरांनी, जे दुसऱ्यांना आ करायला लावतात, स्वतः आ केला. तेवढ्यात कथालेखकाने वही उघडून अगदी हळुवारपणे विचारलं, काका, तुमचं बालपण फार दुःखात गेलं का? बाबा म्हणाले, "नाही. मजेत गेलं." त्या बिचाऱ्याने पेनाचं टोपण परत लावलं.

मग बाईंनी सरळ विचारलं, हात मागे का? बाबांनी सांगितलं, की तपासणाऱ्याने मालाला हात लावायचा नसतो. हात लावला की तडा आधीचा की आपला, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तीस वर्षं हात मागे, आता पुढे येत नाहीत. आणि मग चित्राकडे मानेने दाखवून म्हणाले, हे आमच्या मेहुण्याने काढलंय, मीच आहे तो, पण बूट दोन्ही डाव्या पायाचे आहेत. म्हणजे माझं सव्वीस वर्षांचं गुपित बाबांना पहिल्या अंकापासून ठाऊक होतं, आणि पोटदुखी तेवढी मला झाली.

मी चिडून विचारलं, मग मामांची लेबलं जळफळाटाने का नापास केलीत? बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तडा गेलेली बाटली. म्हणाले, लेबलावर सरबत पिणारी मुलगी होती. तिच्या हाताला सहा बोटं होती. चार हजार लेबलं, चार हजार वेळा सहा. मामा, हे तुम्ही मला फोनवर सांगायला विसरलात वाटतं. डॉक्टर आणि लिफ्टवाला यांनी भाजलेले हात, नसलेले हात असं किती काय रचलं, आणि दुःखाची गोष्ट निघाली ती चित्रकाराची! कथालेखकाने ते लगेच वहीत लिहून घेतलं. त्या दिवसानंतर तुम्ही बोटाच्या वाटेलाच गेला नाहीत आणि मंडळाने त्यावर दोन रविवार जाळले.

घरी आल्यावर बाबांनी कपाट उघडून दाखवलं. दोनशे बारा अंक, एकूण एक, खाकी कागदात गुंडाळलेले, आणि प्रत्येकात त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. अंक चौदा, पान सहा, घोड्याला पाचवा पाय, नापास. अंक सत्तर, पान दोन, सूर्य दोन दिशांना, नापास. शंभर चिठ्ठ्या वाचून माझं हसून पोट दुखलं आणि मग एकदम रडू आलं. ज्याचं तोंड बघायचं नाही असं आपण ठरवलं, त्याचं पानन् पान कुणी असं मोजत बसतं का? आई म्हणाली, बसतं.

मोठ्यांना नमस्कार, कुंड्यांना पाणी.

तुमची,
भाची

ता. क. १. मुद्द्याचं राहिलंच. कारखान्याचं कारण कंपनीला पसंत पडलं आहे, शेपूट गेली. पण चेहरा बाबांचा, म्हणून संमतीच्या कागदावर त्यांची सही लागणार. ते म्हणतात, ज्याने चेहरा नेला त्याने कागद हातात आणून द्यावा, पोस्टाने आलेला माल मी तपासत नाही. तेव्हा येत्या रविवारपर्यंत तुम्ही स्वतः या. नाही आलात तर शेपटीला जबाबदार तुम्ही.

ता. क. २. हे पत्र बाबांनी वाचलं. (हात मागेच. पानं मी उलटली.) त्यांच्या मते अठ्ठावीस नव्हे, एकोणतीस वर्षं झाली, लेबलं चार हजार नव्हे, तीन हजार नऊशे, आणि जळफळाट थोडासा होता. पत्र नापास. मी तसंच टाकते आहे.

ता. क. ३. पाकीट बंद करता करता शेवटचा अंक उघडला. बुडणाऱ्या बादशहाला वर काढायला तुफानवीर मूठ सोडून हात पुढे करतो, ते तुमचं दहा वर्षांपूर्वीचं शेवटचं चित्र. त्यातल्या चिठ्ठीवर लिहिलंय: बोटं मोजली. पाच. पास. मी बाबांना विचारलं, मग दहा वर्षांत मामांना कळवलं का नाहीत? तर म्हणाले, "त्याने कुठे विचारलं?"