अनुभव सांगेल त्यालाच मत

८ जानेवारी, बुधवार
वहीबाई, पोटात एवढं लिहिलेलं असून कालचं काही आठवतंय? मला अक्षर येत नाही, पण सगळं ध्यानात असतं. म्हणून परत सांगते: मी बायडाबाई, खराडी, सातवा मजला. बोलते मी, लिहिते नात – अपेक्षा.

तिची इतिहासाची परीक्षा आहे. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातली काही माणसं, राजाचा धर्म पटेना म्हणून बोटीनं अमेरिकेला गेली. तिथं गाव वसवलं. देवानं कृपा कशी केली ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं. लोकांना पटलं तरच मताचा हक्क. फार उलट बोलेल तो गावाबाहेर!
म्हटलं, हे पाठ कशाला करतेस? खाली आपल्या सोसायटीच्या सत्संगात जाऊन बघ.

९ जानेवारी
सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब, त्यांची नोटीस – कामवाल्यांना लिफ्ट बंद. रविवारी सत्संगानंतर मतदान. हात वर कुणी करायचा? ज्यांनी सत्संगात देवाचा अनुभव सांगितलाय, त्यांनीच.

शकू माझा स्वयंपाक करते. गुडघे माझ्याहून म्हातारे. म्हणाली, "आजी, सात जिने नाही जमायचे. काम सोडावं लागंल."

१० जानेवारी
अपेक्षा म्हणते, "ठोकून दे ना काहीतरी. देवी स्वप्नात आली म्हण."
देवाच्या नावानं खोटं? भाजीवाल्याशी बोलते तेवढं पुरे आहे.

१२ जानेवारी, रविवार
उभी राहिले. म्हटलं, "ऐंशी वर्षं हात जोडतेय. एकदाही काही दिसलं नाही. उद्याही जोडणार."
आप्पासाहेब म्हणाले, "हा अनुभव धरता येत नाही. बसा आपण."
बसले.
तेवढ्यात शेजारच्या यमुनाबाई उठल्या. त्यांच्या स्वप्नात दत्तगुरू आले होते; ऐकून सगळी सोसायटी रडली होती. म्हणाल्या, "अहो, मतदारांतून माझं नाव काढा. तेव्हा मला झोपच लागत नव्हती, स्वप्न कुठलं पडतंय?"
मग खालच्या मजल्यावरचे दीनानाथ उठले, तेच म्हणाले. मग त्यांची बायको – नवऱ्याकडे रागानं बघत.
एकेक करत सगळ्यांनी नावं काढून घेतली; शेवटी मतदार उरले एकटे आप्पासाहेब. सभा तहकूब.

१३ जानेवारी
आप्पासाहेब आले. दारातच थांबले. "नोटीस मागे घेतली मी. माझाही अनुभव रचलेलाच होता, आजी. पण इतक्यांदा सांगितला, की खरा वाटायचा. घरात एकटा असलो की त्याचीच सोबत होती. काल तीही गेली."

अपेक्षा, शकूला सांग – संध्याकाळी त्यांच्याकडे पिठलं-भाकरी पाठवायची. ठेचा वेगळ्या वाटीत दे.