तरंगणारे शिंगाडे

बेलाही, माघ, सरस्वतीपूजेनंतरचा मंगळवार

ति. दादीस सोनमतियाचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. कार्तिकात सासूबाईंनी बियाण्याच्या शिंगाड्यांचं मडकं सिंदूर लावून माझ्या हाती दिलं. नव्या सुनेकडे ते सोपवायची इथली रीत. कसं सांभाळायचं ते कुणी सांगितलं नाही, पाण्यावर जगणाऱ्या मल्लाहांच्या मुलीला ठाऊक असणारच असं धरलं. संक्रांतीला मडक्याला घाण वास आला. बी कुजतंय असं वाटून मी पाणी ओतून दिलं आणि पिठाचे शिंगाडे छपरावर वाळत होते, त्यांच्या शेजारीच हेही वाळवले. काल नणंद सहज बोलून गेली की बी वाळलं की मेलं, आणि मेलेलं तरंगतं. मी ते परत पाण्यात टाकले. दादी, ते तरंगतात.

होळीच्या आत बी रोपाच्या डबक्यात पडायला हवं. गावात कुणाकडे जास्तीचं नाही. यांनाही मी सांगितलेलं नाही. मला परत पाठवतील का? तुझी माया राहू दे.

तुझी सोनमतिया

*

कमलाकाठ, माघ, पौर्णिमेचा आदला दिवस

चि. सोनमतियाला आशीर्वाद.

रडणं थांबव, मडक्यात पाणी पुरेसं आहे. आपण नदीवरचे, मासे धरणारे. तुला शिंगाडा ठाऊक तो खाण्यापुरता. माझं माहेर तळ्याचं, म्हणून ऐक. वास आला की नुसतं पाणी बदलायचं असतं. वाळलेले दळून टाक, पीठ तरी होईल.

छठपूजेला तुझी सासू घाटावर भेटली, तेव्हा तिने तुझंच पुराण लावलं होतं. तोडणीला डोंगीत बसून ही वेल उलटून बघत नाही, अर्धे शिंगाडे तळ्यालाच ठेवते, म्हणे. ते राहिलेले पिकून बुडाले, गाळात बसले. ओले आहेत, म्हणजे जिवंत आहेत. पायाने चाचपले की टोचतील. पण फागुन लागला की पुरुष मासे धरायला तळं उपसतात. गाळ सुकला की तेही गेले. उशीर करू नकोस.

आणि चोरून उतरू नकोस. माघाच्या पाण्यात एकटी सून दिसली तर गावाला भलताच संशय येईल. आधी सासूला सांग. शिव्या खा, त्याने कुणी मरत नाही. मला झोप नाही, लगेच कळव. जीव सांभाळ.

दादी

*

बेलाही, फागुन, पहिला सोमवार

ति. दादीस नमस्कार.

सांगितलं. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. हे म्हणाले की आई गप्प झाली की घर भितं. तळं उपसायला दुसऱ्या काठाने सुरुवात झालीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी टोपली घेतली, पदर खोचला आणि माझ्याआधी पाण्यात उतरल्या. पहिला शिंगाडा माझ्याच पायात घुसला. त्या म्हणाल्या, सापडला ना, मग कण्हतेस कशाला. दुपारपर्यंत टोपली भरली. काळे, शिंगांचे, काहींना पांढरा कोंब. बाहेर आल्यावर सुईने माझ्या पायातला काटा काढताना म्हणाल्या की आश्विनात हिला आंधळी म्हणत होते, डोळस असती तर आज बुडालो असतो. हसल्या नाहीत. बी थोडं, म्हणून यंदा रोपाचा एक वाफा कमी लागेल.

लोभ असू दे.

सोनमतिया

*

कमलाकाठ, होळीनंतर

चि. सोनमतियाला आशीर्वाद.

काटा, टोपली, वाफा, सगळं लिहिलंस. मडकं कुणाकडे, ते लिहिलं नाहीस. मोठ्या जावेकडे गेलं असेल तर तसं कळव, मी ऐकून घेईन. पोस्टमनची वाट बघायला लावू नकोस, मेला आधीच माझ्याकडे पाणी मागून पितो.

दादी

*

बेलाही, चैत

ति. दादीस नमस्कार.

रोपाचं बी टाकून उरलेले काही शिंगाडे सासूबाईंनी मडक्यात घातले, पाणी भरलं आणि मडकं माझ्या खाटेशी आणून ठेवलं. या वेळी सिंदूर लावला नाही. मी वाळवलेल्यांतला एक शिंगाडा त्यांनी दोऱ्यात ओवून मडक्याच्या गळ्यात बांधला. कुणी विचारलं की सांगतात, सुनेची नजर लागू नये म्हणून.

सोनमतिया

*

कमलाकाठ, चैत

चि. सोनमतियाला आशीर्वाद.

तुझी सासू बरी बाई आहे. तिला सांगू नकोस. पाणी बदललंस का?

दादी